काटा आणि दीड शेर मेंदू

सुरमईची तुकडी कोणीही खाईल. माझी परीक्षा बघतात ते पेडवे. मासा बोटभर, आणि काटे मोजायला तलाठी बसवावा लागेल.

घात ताट वाढण्याआधीच होतो. बाकी संवेदना मेंदूतल्या थॅलॅमसच्या पोस्टात शिक्का मारून पुढे जातात. वास मात्र मागीलदारानं थेट घरात शिरतो. माशाच्या तिखल्यातल्या तिरफळाचा वास भावना जागवणाऱ्या अमिग्डालाला हलवतो, शेजारच्या आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधून आजीची चूल उकरून काढतो, आणि भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस आधीच पानावर बसलेला असतो. कपाळामागचा फ्रंटल लोब एकटाच म्हणत असतो, 'सावकाश.' त्याचं ऐकतो कोण?

पेडव्याचं मांस दोन्ही बाजूंनी चिमटीत हलकेच सैल करायचं आणि कणा अलगद उचलायचा. हात उजवा, हुकूम डाव्या मेंदूचा. कणा कंगव्यासारखा निघतो, पण केसासारखे काटे मागे राहतात. ते हुडकायचं काम जिभेचं. स्पर्शाची नोंद ठेवणाऱ्या पॅरायटल लोबच्या सातबाऱ्यावर जीभ, ओठ आणि बोटं यांच्या नावावर भलीमोठी जमीन आहे. एवढी थोरली पाठ, तिच्या वाट्याला जेमतेम गुंठाभर. पेनफिल्ड नावाच्या मेंदूच्या सर्जननं १९३७ साली हा नकाशा मांडला तो शस्त्रक्रियेत जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून. पेडवे खाणाऱ्यांना तो आधीच पाठ होता.

जीभ आणि दात एकमेकांना चावत नाहीत, ही कृपा मागच्या लहान मेंदूची. वजनानं मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्याकडे. दारू त्याचा ताल बिघडवते. म्हणून माडी पोटात असताना पेडवे खाऊ नयेत, बांगडा खावा.

घास जिभेच्या मुळापलीकडे गेला की माझी मालकी संपली. पुढचा कारभार मस्तिष्कस्तंभातल्या लंबमज्जेचा: श्वास क्षणभर थांबव, श्वासनलिका झाक, ढकल खाली. अर्ज-विनंती चालत नाही. आतेची "झिला, काटो बघ!" ही हाक टेम्पोरल लोबला नेमकी त्याच वेळी ऐकू येते.

मग भाताचा कोरडा गोळा पुढे येतो. तो गिळू नये, काटा आणखी खोल रुततो. टॉर्च आणि चिमटा असलेला डॉक्टर गाठावा. काटा निघाला तरी ओरखडा राहतो, आणि मेंदूच्या लेखी काटा अजून तिथेच असतो. मी दिवसभर गिळून गिळून बघतो.

"अजून दोन वाढू रे?" आते विचारते. फ्रंटल लोब विचार करतोय तोवर ताट पुढे गेलेलं असतं.