हिममानव भुयारात उतरतो तेव्हा

लंडनमधल्या गूज स्ट्रीट स्टेशनवर लिफ्टची गर्दी टाळायची असेल तर गोल जिन्याच्या १३६ पायऱ्या उतराव्या लागतात. मी नेहमी उतरते. खाली पोचेपर्यंत वरच्या रस्त्याचा आवाज संपलेला असतो, आणि मला दरवेळी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली 'द वेब ऑफ फिअर' ही कथा आठवते. त्या कथेत लष्कराचा तळ याच स्टेशनाखाली आहे.

बीबीसीने ही सहा भागांची कथा ३ फेब्रुवारी १९६८ पासून सलग सहा शनिवार दाखवली. त्यातले यती जेमतेम तीन महिन्यांपूर्वी एका कथेत येऊन गेले होते. तेव्हा ते १९३५ सालच्या तिबेटात, मठाभोवती फिरत होते. (चित्रीकरण वेल्सच्या डोंगरांत झालं होतं.) केसाळ, गुबगुबीत, थोडे लाडावावेसेच वाटणारे. हिमालयात हिममानव भेटला तर नवल कसलं? पण तोच चाळीस वर्षांनी, आपण रोज गाडीची वाट बघतो त्या फलाटावर उभा राहिला तर?

जुना राक्षस परत आणायचा तर असा आणावा, असं माझं ठाम मत आहे. नुसती संख्या वाढवून किंवा जुनी आठवण चाळवून काही होत नाही. त्याची जागा बदलली की भीती नव्याने जन्माला येते. पहिल्याच भागात एका खासगी संग्रहात ठेवलेला यती आहे. चेंडूएवढा गोळा खिडकीची काच फोडून आत येतो, त्याच्या छातीत शिरतो, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत तो जुना यती नव्या, उग्र रूपात बदलतो. या संग्राहकाचं पात्र मात्र ज्यू माणसाच्या ठोकळेबाज कल्पनेवर बेतलंय, ते आज बघताना खुपतं.

भुयारी रेल्वेत चित्रीकरणाची बोलणी जमली नाहीत, म्हणून डेव्हिड मायर्सकफ-जोन्स यांनी बोगदे आणि फलाट स्टुडिओत उभे केले. इतके खरे, की परवानगीशिवाय चित्रीकरण केल्याचा संशय रेल्वेवाल्यांना आला, असं सांगतात. दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड यांनी चौथ्या भागात कॉव्हेंट गार्डनच्या रस्त्यांवर सैनिक आणि यती यांची लढाई घेतली आहे. बरोबर नेलेली सगळी माणसं गमावून कर्नल लेथब्रिज-स्ट्युअर्ट एकटा तळावर परततो. मुलांच्या मालिकेत मोठ्या माणसाचा इतका हरलेला चेहरा दाखवायला धैर्य लागतं.

आणि ही लढाई पंचेचाळीस वर्षं कुणाला बघताच येत नव्हती. बीबीसीने टेप पुसून पुन्हा वापरल्या. उरला फक्त पहिला भाग. याचा मला आजही मनापासून राग येतो. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रती होत्या म्हणून थोडं तरी वाचलं. २०१३ मध्ये जुन्या फिल्म शोधणारे फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले भाग जाहीर झाले. दुसरा, चौथा, पाचवा, सहावा. तिसरा नाही. तो तिथल्या फिल्मच्या डब्यांत होता आणि नंतर गायब झाला, असं मॉरिस सांगतात.

नेमक्या तिसऱ्या भागात निकोलस कर्टनी कर्नल म्हणून पहिल्यांदा दिसतात. पुढे ब्रिगेडियर म्हणून काही दशकं त्यांनी या मालिकेची सोबत केली, आणि त्यांचं पहिलं पाऊलच आपल्याकडे नाही. कर्टनी २०११ मध्ये गेले. उरलेले भाग परत आल्याचंही त्यांना कळलं नाही.

२०२१ मध्ये त्या भागाचं ॲनिमेशन आलं. मेहनत आहे, पण माझी विनंती आहे, पहिल्यांदा बघणार असाल तर ते बघू नका. जॉन क्यूरा नावाचे गृहस्थ त्या काळी टीव्हीच्या पडद्यावरून कॅमेऱ्याने फोटो काढत. चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज धरून ठेवला होता. ते फोटो आणि तो आवाज एकत्र जोडलेला भाग मिळतो, तो बघा. खोलीतला दिवा बंद करा. पॅट्रिक ट्राउटनने रंगवलेला डॉक्टर, म्हणजे मालिकेचा नायक, अंधारात कुजबुजतो, मागून बूट वाजतात, आणि समोर फक्त एक स्थिर, धूसर चेहरा असतो. मी तो भाग चार वेळा असा बघितलाय. चौथ्यांदाही बूट वाजले तेव्हा मी मागे वळून पाहिलं.