मधला बाक का कापला नाही

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या बारा फुटी अ‍ॅल्युमिनियम बोटीत आम्ही दोन फिरत्या खुर्च्या बसवल्या. तुमची तक्रार अशी की मधला बाक कापून जागा मोकळी करा म्हटलं ते आम्ही ऐकलं नाही, खुर्ची उंच खांबावर न देता बुटकी दिली, आणि ‘चार स्क्रूच्या कामाला’ दिवस आणि पैसे दोन्ही जास्त लावले. उजनी धरणाच्या पाण्यावर गळ टाकणारे आणखी लोक हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

बाक फक्त बसायला नसतो. दीड-दोन मिलिमीटर पत्र्याच्या दोन्ही बाजू त्यानेच धरून ठेवलेल्या असतात. तो कापला की प्रत्येक लाटेला कडा आत-बाहेर होतात, रिव्हेट ढिले पडतात आणि पाणी झिरपायला लागतं. शिवाय त्याच्या पोटात फोम आहे. पट्टी काढून तो पिवळा फोम तुम्हाला दाखवला होता, आठवत असेल. अ‍ॅल्युमिनियम पाण्यापेक्षा 2.7 पट जड. बोटीत पाणी भरलं तर तिला वर धरणारा तो फोमच. तो काढायचं काम आम्ही कुणाचंच घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

उंचीचंही तेच. माणूस जितका वर बसेल तितकी बोट लवकर कलंडते, आणि मोठा मासा लागला की माणूस एका अंगाला झुकतोच. 21 मे 2024 ला उजनीतच कुगाव-कळाशी गावांच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जण बुडाले. तिथे खुर्चीचा काही संबंध नव्हता, पण त्या पाण्यावर वारा किती अचानक उठतो हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मुलाला घेऊन जाता म्हणालात, तेव्हाच मी बुटकी खुर्ची ठरवली.

आता स्क्रू. पातळ पत्र्यात सेल्फ स्क्रू टिकत नाही, चार हिसक्यांत भोक मोठं होतं. म्हणून बाकाच्या वरच्या पत्र्याखाली जाड पट्टी सरकवून 316 ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आरपार टाकले. ओलाव्यात स्टेनलेस थेट टेकलं तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्यामुळे मध्ये नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीची नळी) आणि वायसर. तळाला एकही भोक पाडलेलं नाही. खुर्चीखालच्या मरीन प्लायचंही तसंच: कीड लागू नये म्हणून मारलेल्या औषधात तांबं असू शकतं, आणि तेही अ‍ॅल्युमिनियमला खातं. म्हणून प्लायच्या कडा आणि भोकं आतूनसुद्धा इपॉक्सीने, म्हणजे कडक वाळणाऱ्या राळेच्या लेपाने, बंद केली. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, दिवस त्यात गेले.

पाय लांब करायला जागा कमी पडते, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. बाक तसाच ठेवून खुर्ची मागे-पुढे सरकेल अशी प्लेट बसवता येते. बोट घेऊन या, प्लेटचे तेवढे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. त्याच वेळी सगळे बोल्टही आवळून देतो.