८० ग्रॅम पास्ता

ज्वारी खाल्ली की माणूस बारीक होतो, हा शोध पुण्या-मुंबईला अलीकडेच लागला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून तिकडचे नातेवाईक फोन करकरून सांगतात, "तुमची काय बाबा मजा, मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी!" आहे की हाताशी. तिला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. सोलापुरात आमच्या घरी भाकरी झाली नाही असा दिवस उजाडत नाही. तरी माझा शर्ट तिसऱ्या बटणापाशी जांभई देतो, कारण मला पास्ता आवडतो.

तोही पांढऱ्या सॉसातला. गरम, मऊ, दाताला, डोक्याला, कशालाच काम न देणारा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असतो, शहाणी माणसं ताक पितात आणि मला वाफाळता पास्ता हवा असतो. कडक भाकरी हे शिस्तीचं अन्न आहे. मोडली की कडाड्कन आवाज होतो, घरादाराला कळतं. रात्री साडेअकराला चोरून खायची तिची लायकीच नाही. पास्त्याचा आवाज होत नाही. माझ्या मते त्याच्या जगभरच्या यशाचं निम्मं कारण हेच असावं.

अल्फ्रेडो पास्त्याची गोष्ट ऐकल्यापासून तर मला स्वतःबद्दल कणव वाटू लागली आहे. रोममधल्या अल्फ्रेडो दी लेलिओ नावाच्या खानावळवाल्याची बायको १९०८ च्या सुमारास बाळंत झाली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. म्हणून त्यानं ताज्या पास्त्यात भरपूर लोणी आणि चीज घालून तिला खाऊ घातलं, असं सांगतात. म्हणजे मूळचा हा बाळंतिणीचा खुराक, डिंकाच्या लाडवांच्या जातीचा. तो मी आठवड्यातून तीनदा खात होतो आणि बाळंत काही होत नव्हतो. पोट मात्र तसंच दिसत होतं.

शेवटी हिनं मला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे नेलं. मला वाटलं, पास्त्यावर कायमची फुली बसणार. पण ती म्हणाली, "खा की काका! पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. फार शिजवून गाळ केला नाही, दाताला किंचित लागेल असा ठेवला, तर पांढऱ्या ब्रेडपेक्षा साखर हळू चढते. सगळा गोंधळ त्याच्यावरच्या लोणी, चीज, क्रीमचा आहे." यातलं 'खा की काका' एवढंच मला ऐकू आलं. बाकीचं हिनं वहीत लिहून घेतलं. एका वेळचं माप ठरलं, कोरडा ८० ग्रॅम. इटलीत एका माणसाला साधारण एवढाच वाढतात म्हणे. ऊर्जा जेमतेम २८० कॅलरी. मला तर तिथेच हलकं वाटू लागलं.

घरी काट्यावर ८० ग्रॅम मोजले. आई ओट्याशी येऊन बघत उभी राहिली.

"हे काय, चिमण्यांना टाकायचंय?"

"माझं जेवण आहे आई."

तिनं हिच्याकडे असं बघितलं, की त्या नजरेनं सुनांची तीन पिढ्यांची अब्रू गेली असेल. मग पाकिटातला एक शंख उचलून उजेडात धरला. "नखुली आहेत ही. मशीनची दिसतात, सगळी एकसारखी." रुखवतासाठी गव्हले, नखुले, मालत्या बोटांनी वळलेली बाई ती; इटलीनं तिला दाखवावं असं काही नव्हतं. शिजल्यावर एक चाखला आणि निकाल दिला, "चकोल्याच की! वरण कुठाय?"

वरण नव्हतं, सॉस होता. क्रीम नको, मैदा नको, म्हणून हिनं साय काढलेल्या दुधात ज्वारीचं पीठ कालवलं. सॉस म्हणून जे सुरू झालं ते आंबील होऊन थांबलं. त्यात निम्मी भाजी हवी होती. लक्ष्मी मार्केटात त्या दिवशी ब्रोकोली महाग आणि दोडका स्वस्त होता. दोडका घातलेल्या पास्त्याला इटलीत काय शिक्षा आहे कोण जाणे, सोलापुरात तो मला खावा लागला.

दोन घास गेले आणि माझा चेहरा बघून आईच्या पोटात तुटलं. "चीज नको म्हणाली ना ती पोरगी? मग ही घे." आणि ताटात शेंगाची चटणी पडली. उखळात तेल सुटेस्तोवर कुटलेली, लाल, लसणाची. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून घास आत गेला. आणि सांगतो, आंबील, दोडका, शंख या सगळ्या अनोळखी मंडळींची त्या चटणीनं क्षणात सोयरीक जुळवून दिली. शंखाच्या पोकळीत चटणी जाऊन बसते. इतकी वर्षं ती पोकळी कशासाठी ठेवली होती, हे तिकडच्या कारागिरांना तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, ही माहिती आमच्या लेकीनं पुण्याहून फोनवर दिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. खरं तर भाकरीचंही असंच आहे. वर्षानुवर्षं आम्ही सोलापूरकर ज्वारीच्या नावानं पुण्य मोजतो आणि भाकरीवर चटणी, चटणीवर तेल, तेलावर दही चढवतो.

कंबर तलावावर सकाळी फिरायलाही जातो. परवा मित्रानं लांबूनच ओरडून विचारलं, "काय बे, चालून चालून वाढलास का?" त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

महिन्यानं वही घेऊन परत त्या आहारतज्ज्ञ मुलीकडे. वजन सव्वा किलोनं वाढलेलं. तिनं नोंदी वाचायला घेतल्या. "पास्ता ८० ग्रॅम... बरोबर. क्रीम नाही, चीज नाही... छान. मग?" पुढच्या रकान्यापाशी ती थांबली. "काका, 'सोबत: भाकरी दीड' हे काय आहे?"

मी सांगितलं, की आईच्या लेखी पास्ता हे कालवण आहे. आणि कालवण नुसतं खाऊन ताटावरून उठलेला माणूस आमच्या घरात उपाशी धरतात.

"मऊ भाकरी?"

"कडक. चुरून."

तिनं पेन खाली ठेवलं. मुलगी अक्कलकोटची निघाली. दार लोटलेलं आहे ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, "चटणी आधी घालायची, का भाकरी भिजल्यावर?"