पालघरचे आठ तालुके आणि पेरंट आयडी

नमस्कार,

जिल्हा ते पाडा ही उतरंड डेटाबेसच्या टेबलात कशी साठवायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. पेरंट आयडी (प्रत्येक रोमध्ये, म्हणजे टेबलाच्या ओळीत, तिच्या थेट वरच्या रोचा क्रमांक) ठेवून रिकर्सिव्ह क्वेरी (फेरीफेरीने एकेक पातळी शोधत जाणारी क्वेरी) चालवणं संथ, त्यापेक्षा नेस्टेड सेट ही मांडणी वापरायला हवी होती. आणि डेटात चक्र असेल, म्हणजे एखादी रो फिरून स्वतःचीच वंशज झाली असेल, तर माझी क्वेरी थांबणारच नाही. दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. पहिला नाही.

लेखातलं टेबल जिल्हा, तालुका, गाव, पाडा असं होतं. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले. पेरंट आयडीच्या टेबलात याचं काम किती? पालघरची एक नवी रो, आणि आठ तालुक्यांचा पेरंट आयडी बदलायचा. बस्स. जव्हार-मोखाड्यातल्या एकाही पाड्याला हात लागत नाही. नेस्टेड सेटमध्ये मात्र प्रत्येक रोला डावा-उजवा आकडा असतो, आणि तिच्या सगळ्या वंशजांचे आकडे त्या दोहोंच्या मध्ये बसतात. मध्येच एक जिल्हा घुसवला की त्याच्या उजवीकडचे सगळे आकडे सरकवायचे, शिवाय हलवलेल्या तालुक्यांखालचं प्रत्येक गाव नव्याने मांडायचं. झाड, म्हणजे ही सगळी उतरंड, वर्षानुवर्षं तसंच राहणार असेल तर नेस्टेड सेट उत्तमच. वंशजांची संख्या नुसत्या वजाबाकी-भागाकाराने मिळते. माझं झाड तसं नाही.

संथपणाचं म्हणाल, तर पेरंट आयडीवर इंडेक्स (रो झटपट सापडावी म्हणून ठेवलेली सूची) आहे का ते आधी बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनात फॉरेन की (पेरंट आयडी खरोखर असलेल्या रोचाच हवा, हे बंधन) लावली की इंडेक्सही तयार होतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तो आपण करायचा असतो. हे लेखात यायला हवं होतं.

आता चक्र. मायएसक्यूएल 1000 फेऱ्यांनंतर एरर देतं, एसक्यूएल सर्व्हर 100 नंतर. पोस्टग्रेसला अशी मर्यादाच नाही, आणि मी क्वेरी पोस्टग्रेससाठी लिहिली होती. म्हणजे चूक माझी, आणि गंभीर. पण सगळ्या रो ठेवणाऱ्या ‘युनियन ऑल’च्या जागी हुबेहूब सारख्या रो गाळणारं ‘युनियन’ हा तुमचा उपाय इथे लागू पडत नाही. क्वेरीत लेव्हलचा, म्हणजे पातळीचा, कॉलम आहे. दर फेरीत लेव्हल एकाने वाढते, त्यामुळे तेच गाव परत आलं तरी डेटाबेसला ती वेगळीच रो वाटते. वाटेत भेटलेले आयडी अ‍ॅरेत, म्हणजे एका यादीत, जमवायचे आणि आधी आलेला आयडी पुन्हा घ्यायचा नाही, हा खरा उपाय. पोस्टग्रेस 14 पासून यासाठी ‘सायकल’ हे वेगळं कलमच आहे. त्याहून बरं म्हणजे चक्र शिरूच न देणं: पेरंट बदलताना नवा पेरंट आपल्याच वंशजांत नाही ना, हे ट्रिगरमध्ये (डेटा बदलताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) तपासायचं.

अ‍ॅरेची क्वेरी आणि ट्रिगर, दोन्ही आज लेखात घालतो आहे.