‘चाळिशीनंतर वजन उचलू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: जिममध्ये जड वजन उचललं की बीपी 300 च्या वर जातं, हृदयाच्या भिंती जाड होतात, अटॅक येतो, कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार आणि विनोदवीर राजू श्रीवास्तव बघा, चाळिशीनंतर फक्त चालावं. खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’. यातलं एक वाक्य खरं आहे, त्याच्या जोरावर बाकीची खपून जातात.

‘बीपी 300 च्या वर जातं.’ हे ते खरं वाक्य. 1985 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी घालून, वजन उचलत असतानाच रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम, करताना सरासरी 320/250 भरली. एकाचा आकडा तर 480/350. वाचूनच घाम फुटावा! पण ही मंडळी जवळपास झेपेल तेवढं कमाल वजन, आणखी एकदाही उचलवेना इथपर्यंत, श्वास कोंडून रेटत होती. सेट संपला की दाब काही सेकंदांत खाली येत होता. शिवाय श्वास कोंडला की छातीच्या पोकळीतला दाबही चढतो, त्यामुळे हृदयाच्या भिंतीवर पडणारा ताण धमनीतल्या आकड्याइतका वाढत नाही. आणि नियमित वजनाचा व्यायाम करणाऱ्यांचं बसल्या जागेचं बीपी उलट थोडं उतरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2023 च्या निवेदनानुसार वरचं साधारण 4 ने, खालचं 2 ने.

आता घरातला सिलिंडर घ्या. आत 14.2 किलो गॅस, टाकीचं वजनही जवळपास तेवढंच. पन्नाशीचे काका तो दारातून ओट्याखाली नेतात तेव्हा नीट बघा. दात आवळलेले, गाल फुगलेले, मानेची शीर टरारलेली, आणि टाकी खाली टेकेपर्यंत एकही श्वास नाही. मग ‘हुश्श’. बीपी किती चढणार हे नुसत्या किलोंवर ठरत नाही. तुमच्या कमाल ताकदीचा किती हिस्सा त्या वजनाला लागतो, त्यावर ते चढतं. तीस किलो हीच ज्याची हद्द, त्याचं जास्त चढतं. कमावलेल्या अंगाला तेच तीस किलो किरकोळ. म्हणजे सिलिंडरपासून काकांना वाचवायचं असेल तर त्यांना वजन उचलायला शिकवायला हवं: हळूहळू वाढवत, जोर लावताना श्वास सोडत. सिलिंडर उचलू नका असा मेसेज मात्र मला अजून आलेला नाही.

‘हृदयाच्या भिंती जाड होतात.’ 1975 च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात पैलवान आणि गोळाफेकपटूंच्या हृदयाच्या भिंती जाड दिसल्या, तिथून ही समजूत पसरली. नंतरच्या मोजमापांत हा फरक बहुतेकदा थोडाच आणि साधारण मर्यादेतला निघाला. वर्षानुवर्षं दिवसरात्र चढलेल्या बीपीने होणारी जाडी वेगळी, ती आजाराची.

खरा धोका जिममध्येच आहे, पण तो रॅकवर नसून स्टेरॉइडच्या सुईत आहे. 2017 साली अमेरिकेत 140 वजन उचलणाऱ्यांची तपासणी झाली. स्टेरॉइड घेणाऱ्यांचं हृदय दर ठोक्याला सरासरी 52 टक्के रक्त बाहेर ढकलत होतं, न घेणाऱ्यांचं 63 टक्के. वजनं दोघेही उचलत होते. ‘एक सायकल (स्टेरॉइडचा कोर्स) लाव, तीन महिन्यांत बॉडी’ म्हणणाऱ्या ट्रेनरबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

‘पुनीत आणि राजू बघा.’ राजू श्रीवास्तव 10 ऑगस्ट 2022 रोजी कोसळले ते ट्रेडमिलवर. त्यांचं नाव घेऊन वजनांना नावं ठेवायची आणि उपाय म्हणून पुन्हा चालायलाच सांगायचं, हा अजब न्याय झाला. पुनीत 46 वर्षांचे होते. व्यायामानंतर अस्वस्थ वाटलं आणि ते गेले. दडलेला हृदयविकार असेल तर एकदम केलेली जोरकस मेहनत अटॅकला निमित्त होऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग ती मेहनत धावण्याची असो, जिने चढण्याची असो की वजनाची. सवय नसलेल्याला धोका जास्त, म्हणून सुरुवात हलकी हवी.

‘फक्त चाला.’ चालाच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना सगळ्या प्रौढांना, ज्येष्ठांनाही, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतात. भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताची पकड 5 किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त आढळला. नुसती पकड वाढवून आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ताकद हा पैलवानांपुरता विषय नाही, एवढं दिसतं.

थांबायला हवं अशी माणसं आहेत. बीपी 180/110 च्या वर राहतं, बसल्या जागी छातीत दुखतं, हृदयाची झडप फार अरुंद झालीय किंवा महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली आहे, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जड वजनाला हात लावू नये. महाधमनीची फूग आधी जाणवतही नाही. जोर लावताना ती फाटल्याची पाच उदाहरणं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2003 साली नोंदवली होती. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल किंवा कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर जिमची फी भरण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.