सोलापूरच्या गिरण्या कामगारांनी बुडवल्या? एका मेसेजला उत्तर

सोलापूरच्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर हा मेसेज कधी ना कधी येऊन गेला आहे. बंद गिरणीच्या चिमणीचा फोटो आणि खाली चार वाक्यं: "सोलापूरला कापूस मुबलक, म्हणून इथे गिरण्या आल्या. काम यंत्रं करायची, कामगार नुसता उभा राहून पगार घ्यायचा. तरी १९८२ ला लाल बावट्याच्या नादी लागून संप केला आणि सगळ्या गिरण्यांना टाळं लागलं. गिरण्या गेल्या, त्यांच्यासोबत चादरही गेली." तो पुढे पाठवणाऱ्यांत गिरणी कामगारांची नातवंडंही असतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर द्यायला हवं. यातलं "गिरण्या गेल्या" एवढंच खरं आहे.

"कापूस मुबलक, म्हणून गिरण्या आल्या."

हा जिल्हा ज्वारीचा. नाव आहे ते मंगळवेढ्याच्या मालदांडीचं, इथल्या कापसाचं नाही. कापूस आसपासच्या मुलखातून सोलापूरच्या बाजारात यायचा, तसा तो दख्खनमधल्या इतर पेठांतही यायचा. वाफेवरच्या गिरणीला कापसाच्या आधी दोन गोष्टी लागतात, दगडी कोळसा आणि पाणी. आपल्या जमिनीखाली सगळा काळा पाषाण, कोळसा मिळायचाच नाही. तो आणायचा तर रेल्वेनेच, आणि मुंबईकडून येणारी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. एकरुखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, १८७१ ला पुरा झाला. आणि पहिली गिरणी, जिला लोक 'जुनी गिरणी' म्हणतात, ती १८७७ ला सुरू झाली. कापूस तर या तिन्ही सालांच्या आधीपासून बाजारात होता.

पाणी नुसतं भरपूर असूनही बॉयलरचं भागत नाही. पाणी जड असलं की भट्टीच्या नळांवर क्षाराचा थर बसतो. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, तेवढ्याच वाफेला जास्त कोळसा जळतो आणि पत्रा एखाद्या जागी लाल होऊन फुगतो. म्हणून तळाचं गाळाचं पाणी रोज सोडायचं, आणि ठरावीक मुदतीने बॉयलर थंड करून, आत माणूस उतरवून थर खरवडायचा.

गिरण्यांत राबणारी माणसं आली कुठून? १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ, आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. शेतावर काही उरलं नाही म्हणून शहरात आलेल्यांना गिरणीचं दार दिसलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखातून माणसं आली. एक भरती तर सरळ सक्तीची होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींच्या लोकांना काटेरी तारेच्या आत सेटलमेंटमध्ये ठेवलेलं होतं. हजेरी देऊन गिरणीत जायचं, पाळी संपली की पुन्हा हजेरीला उभं राहायचं. हा कायदा १९५२ ला उठला. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापुरात वस्तीचं नाव म्हणून अजून चालतो.

"कामगार नुसता उभा."

हे वाक्य लिहिणाऱ्याने साळखातं, म्हणजे विणकामाचं खातं, बाहेरूनही पाहिलेलं नसावं. मागावर तीन क्रिया अखंड चालतात. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन वाट उघडते, त्या वाटेतून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पलीकडे जातो, आणि फणी तो बाणा ठोकून बसवते. धोट्याची एक फेक म्हणजे एक पिक.

हिशेब करून बघा. १० नंबरी सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या १० लडी. अशा सुताची ३५ ग्रॅमची कांडी, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी, धरली तर तिच्यावर साधारण ५९० मीटर सूत बसतं. पन्हा ६० इंच आणि माग मिनिटाला १२० पिकांवर चालत असेल, तर मिनिटाला १८० मीटरच्या वर सूत जातं. म्हणजे सव्वातीन मिनिटांत कांडी रिकामी. साध्या मागावर ती हाताने बदलायची असते. माग थांबवा, धोटा काढा, भरलेली कांडी बसवा, दोरा धोट्याच्या डोळ्यातून ओढा, धोटा पेटीत ठेवा, माग सोडा. दोन माग सांभाळणाऱ्याला हे दर दीड-पावणेदोन मिनिटांनी करायचं, तेही आख्खी पाळीभर.

त्यात ताण्याचा धागा तुटतो. हजारो धाग्यांतून तो शोधायचा, बारीक गाठीने तुकडा जोडायचा, वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, त्याच्याच डोळ्यातून आणि फणीच्या त्याच्याच घरातून ओवून पुढे घ्यायचा. घर चुकलं तर तिथपासून पुढे कापडावर उभी रेघ दिसत राहते. धागा तुटलेला वेळेत दिसला नाही तर तो शेजारच्या धाग्यांत गुंततो, वाट पुरती उघडत नाही आणि धोटा मध्येच अडकतो. एका फटक्यात शेकडो धागे जातात, ते ओवण्यात पाळी जाते, आणि पिकावर मजुरी असेल तर त्या वेळेची मजुरीही जाते. माग पुन्हा सोडतानाही कापडाची कड जागेवर आणून सोडावा लागतो, नाहीतर आडवा पट्टा पडतो. आवाज इतका की खात्यात बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून चालायचं. वर्षं गेली की कान जायचे.

सुताला आपली हवा मानवत नाही, हीही मोठी अडचण. कापसाचं सूत दमट हवेत बळकट राहतं, कोरड्या हवेत तटातट तुटतं. विणकामाला आर्द्रता ७५ ते ८० टक्के लागते. बाहेर मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. म्हणून खिडक्या बंद ठेवून आत पाण्याचे फवारे सोडायचे. त्या वाफाळ शेडमध्ये माणूस घामाने निथळत उभा असायचा. "उभा" एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. ताण्याला कांजी देणारा सायझिंगवालाही असाच हवेशी झुंजायचा. कांजी कमी पडली तर सुताची लव सुटून धागे एकमेकांत अडकतात, जास्त वाळली तर धागा कडक होऊन मोडतो.

सगळ्यांत वाईट जागा म्हणजे सुरुवातीची खाती, जिथे गाठी फोडून कापूस झोडपतात आणि पिंजतात. तिथली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. सुट्टीनंतर कामावर आलेल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत जरा मोकळी होते, ही त्याची सुरुवातीची खूण. बऱ्याच वर्षांनी दम कायमचा लागतो.

"१९८२ ला संप केला आणि सगळ्या गिरण्यांना टाळं लागलं."

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप मुंबईतल्या गिरण्यांचा. त्याचे पुढारी दत्ता सामंत लाल बावट्याचे नव्हतेच, ते काँग्रेस आणि तिच्या इंटक या कामगार संघटनेतून पुढे आलेले. सोलापुरात लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा नव्वदच्या दशकापर्यंत वाजत होता. नरसिंग गिरजी गिरणी सरकारी ताब्यात गेली आणि त्याहून पुढे टिकली. संपाने मारलेली गिरणी दहा-बारा वर्षांनी कशी बंद पडेल?

टाळ्याचीच गोष्ट काढायची तर १९४९ चं टाळं आठवा. जुनी गिरणी २७ ऑगस्ट १९४९ ला बंद झाली. ती संपाने नाही, संचालकांनी महिनाभर आधी नोटीस लावून बंद केली. हजारो घरांची चूल विझली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढला, मग कायदा केला, आणि गिरणीचा कारभार हाती घेतला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कारण लिहिलं आहे: गैरकारभार आणि हयगय. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला चिरंजीतलाल चौधरी खटला आणि द्वारकादास श्रीनिवास खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात, आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे या दुसऱ्या निकालाचाही हात होता. देशाच्या संसदेने छापून ठेवलेलं कारण सोडून आपण मेसेजवर विश्वास ठेवतो, याचं वाईट वाटतं.

मग नंतरच्या गिरण्या का गेल्या? एक कारण नाही. १९५६ नंतर गिरण्यांना माग वाढवायला मनाई होती, आणि यंत्रमाग मात्र शेडशेडमधून वाढत गेले. वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार झाले की तेव्हा कारखाना कायदा लागायचा. म्हणून एकच शेड तीन-चार नावांवर दाखवायची, प्रत्येक नावाखाली माणसं दहाच्या आत. मग हजेरीपुस्तक नको, फंड नको, भरपगारी रजा नको. तेच कापड गिरणीपेक्षा स्वस्तात निघायचं, आणि तो स्वस्तपणा कामगाराच्या अंगातून काढलेला असायचा. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग, हातमाग हा भेद काढला, तोवर गिरण्यांतली यंत्रं जुनाट झाली होती. नफा असतानाच्या काळात तो यंत्रांत परत घातला असता तर गोष्ट वेगळी असती. संघटनांच्याही चुका झाल्या, आपापसातली भांडणं झाली, हे नाकारायचं कारण नाही. पण नवी यंत्रं घ्यायची की नाही हे कामगार ठरवत नव्हता.

'लाल बावट्याच्या नादी' हे शब्द शिवीसारखे वापरले आहेत. गिरणी कामगारांत काम करणारे कुर्बान हुसेन १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत. ते कुणाच्या नादी लागले होते? आणि गिरण्या गेल्यावर विड्या वळून घरं ज्यांनी तगवली त्या बायकांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. तेंदूपत्ता भिजवायचा, मापात कापायचा, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची आणि त्यातून 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची कपात सोसायची. लाल बावट्याचे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने याच बायकांसाठी कुंभारीला १०,००० घरं झाली, २००६ ला ती त्यांच्या हाती आली. तिथल्याच रे नगर या वसाहतीची पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली, त्यांत यंत्रमाग कामगारही आहेत.

"चादरही गेली."

चादर गिरणीची नव्हतीच. गिरण्यांचा माल सूत आणि थानातलं कापड. चादर वाढली ती शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या घराला लागून असलेल्या मागांवर, आणि जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्रणेवर. तिला भौगोलिक मानांकन आहे. अडचण आहे ती बाहेरून येणाऱ्या मिश्र सुताच्या स्वस्त मालाची, जो 'सोलापुरी' म्हणून विकला जातो. ओळखायला सोपं आहे. खऱ्या चादरीत दोन रंगांचे दोन थर एकत्र विणलेले असतात आणि नक्षीच्या जागी ते अदलाबदल होतात. म्हणून पुढे लालवर पांढरं फूल असेल तर मागे पांढऱ्यावर लाल. मागची बाजू फिकट, नक्षी आरपार उतरल्यासारखी दिसली तर ती छापील. सुताची शंका असेल तर कडेचा एक दोरा ओढून जाळा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटाने चुरडते. मिश्र सूत आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. ही पारख दुकानात उभ्या उभ्या होते, आणि ती झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.