सातवं पान

दर वेळी तेच! संशोधनाचा पेपर सहा पानांत बसवायचा. आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या संस्थेचा साचा, दोन कॉलम, मजकूर १० पॉइंट, शीर्षक २४. ठीक आहे, मान्य. पण एक कॉलम जेमतेम ३.५ इंचांचा, आणि सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, त्यात आठ रकान्यांचा तक्ता ‘नीट वाचता येईल असा’ हवा. अहो सर, कसा?

तक्ता सरकवला की आकृती ४ टुणकन पुढच्या पानावर. ती ओढून आणली की निष्कर्षाच्या दोन ओळी सातव्या पानावर. काल संध्याकाळी दादर ते डोंबिवली, एका हाताने कडी धरून, मोबाइलवर फालतू ‘देअरफोर’ शोधून खोडत होते मी!

आणि रात्री अकराला सरांचा फोन. "अगं, लेखकांत विभागप्रमुखांचं नाव राहिलं की!" त्यांनी शीर्षक तरी वाचलंय का? नाव घातलं, सातवं पान पुन्हा हजर. वर "एक संदर्भ मध्ये टाक ना." तो झाला [३], मग पुढचे १९ हाताने बदला. (लेटेक, म्हणजे हे आकडे आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर, वापर म्हणू नका. सरांना वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसशिवाय पेपर तपासताच येत नाही.)

पेपर पाठवायची मुदत ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीवर तारीख सगळ्यात शेवटी बदलते तिथलं घड्याळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे १२ तास. तिथली रात्री ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ५:२९. हे कळल्यापासून सर निवांत. आत्ता ४:५० झालेत, सातव्या पानावर तीन शब्द आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर टाइप करतायत...